रोजच्या कामासाठी मुक्तस्रोत प्रणाली: आपली पसंती कोणती आणि का?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगलीत घरूनच मुद्रितशोधनाचे आणि थोडेफार भाषांतराचे काम करते. माझा लॅपटॉप २०१६ सालचा असून त्यात सहाव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आहे. विंडोज १०ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे हे चालते-बोलते यंत्र एकाएकी निकामी ठरले आहे. ते बदलण्याची माझी इच्छा नाही, कारण त्याचा कळफलक माझ्या बोटांना आता पाठ झाला आहे.

विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीच्या निरनिराळ्या रूपांविषयी ‘सर्वोत्तम दहा लिनक्स’ अशा याद्या मी पुष्कळ वाचल्या, परंतु दिवसाचे सहा तास मराठी टंकणाऱ्या माणसाला काय मानवेल, हे त्यांतून कळत नाही. मला इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकाने टंकलेखन करायचे असते, प्रकाशकांकडून आलेल्या वर्डच्या फाइलींत दुरुस्त्यांच्या खुणा आणि शेरे लिहायचे असतात, कधी लेझर प्रिंटरवर प्रती काढायच्या असतात, आणि गेल्या दहा-बारा वर्षांतील, श्रीलिपी या देवनागरी टंकलेखन-संचातल्या फाइली अधूनमधून उघडाव्या लागतात. आपण स्वतः रोज जी मुक्तस्रोत प्रणाली वापरता ती का आवडते हे कृपया लिहावे, आणि तिच्यातील न आवडणारी एखादी गोष्टही लिहावी. ती मला अधिक उपयोगी पडेल.

जुनाखिळा

मी गेली आठ वर्षे लिनक्स मिंट वापरतो आणि आपल्या गरजा पाहता तेच सुचवेन. मात्र प्रणालीच्या आधी डिस्क बदला. फिरती हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली नाही, तर कोणतीही प्रणाली आपल्याला मंदच वाटेल आणि दोष विनाकारण लिनक्सच्या माथी जाईल. शक्य झाल्यास रॅमही ८ जीबी करून घ्या. ४ जीबीवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती नीट चालते, ८ असल्यास सिनॅमन ही थोडी जड आवृत्ती घ्यायला हरकत नाही, पण खरी रॅम प्रणाली खात नाही, ब्राउझर खातो, हे लक्षात असू द्यावे.

मिंटची २२ ही मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. म्हणजे एकदा घडी बसली की पुढची काही वर्षे पडद्यावरची एकही गोष्ट जागची हलत नाही, आणि मला मिंट आवडण्याचे कारण नेमके हेच आहे. सकाळी उठून कामाला बसावे आणि यादी, बटणे, खिडक्या कालच्या ठिकाणीच असाव्यात, एवढीच माझी अपेक्षा असते. टाइमशिफ्ट नावाची सोय त्यात आधीपासून असते, तिच्या साहाय्याने प्रणालीची आजची स्थिती जतन करून ठेवता येते आणि एखादे अद्यतन बिघडल्यास मागे जाता येते. आपल्या फाइलींची प्रत मात्र ती ठेवत नाही, ती वेगळी काढावी लागते.

आता मराठीविषयी. इनस्क्रिप्टसाठी वेगळे काहीही बसवावे लागत नाही. कळफलकाच्या मांडणीत ‘भारत’ या देशाखाली मराठीचा विस्तारित इनस्क्रिप्ट असतो, तो इंग्रजीच्या जोडीला घ्यावा आणि बदलण्याची कळ ठरवून द्यावी. उच्चारानुसार रोमन अक्षरांतून टंकणाऱ्यांना आयबस ही टंकलेखनाची सोय आणि तिचा एम-१७-एन हा जोडभाग लागतो, आपल्याला त्याची गरज नाही. ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतील चंद्रकोरीसारखा र काढण्यासाठी शिफ्ट धरून र ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, त्याला हलन्त देऊन पुढचे अक्षर टंकावे, हा क्रम विंडोजवरच्यासारखाच आहे. लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मुक्तस्रोत संचाच्या भाषाविषयक मांडणीत मजकुराची भाषा मराठी अशी आठवणीने निवडावी. ती हिंदी राहिली, तर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतात, आणि मुद्रितशोधकाच्या डोळ्यांना ते दिवसभर टोचत राहते.

मला न आवडणारी गोष्ट मिंटची नाही, पण आपल्या व्यवसायात ती भोवेल म्हणून सांगतो. लिब्रेऑफिसमध्ये वर्डच्या दुरुस्त्यांच्या खुणा आणि शेरे व्यवस्थित दिसतात व परतही जातात. मात्र मंगल, कोकिळा, निर्मला हे फॉन्ट मायक्रोसॉफ्टचे असल्याने लिनक्सबरोबर येत नाहीत. त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट योजला जातो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि प्रकाशकाकडील पान ४७ आपल्याकडे पान ४९ होते. दूरध्वनीवरून ‘सत्तेचाळीसाव्या पानावरची तिसरी ओळ’ असे बोलणे सुरू झाले की दोघेही चक्रावतात. म्हणून मी फाइलीबरोबर तिची पीडीएफ प्रतही मागून घेतो आणि पानांचे क्रमांक तीतूनच देतो. नवे पुस्तक असेल, तर मुक्त, तिरो देवनागरी मराठी किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका यांसारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट दोघांनीही वापरावा असे सुचवतो. बहुतेक जण ऐकतात.

सह्याद्रीपलीकडे

वरील प्रतिसादातील फॉन्टविषयीच्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे, निवडीशी नाही. मिंट उबुंटूवर उभे आहे आणि उबुंटू डेबियनवर. मग तीन मजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहण्यापेक्षा तळमजल्यावरच का राहू नये? डेबियन १९९३पासून चालू आहे, त्यामागे कोणतीही कंपनी नाही, जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात आणि वापरकर्त्यांशी असलेली आपली बांधिलकी त्यांनी १९९७मध्येच एका सामाजिक कराराच्या रूपाने लिहून ठेवली आहे. उद्या एखाद्या मालकाचे धोरण फिरले म्हणून माझे यंत्र वेगळे वागू लागेल, ही भीती येथे उरत नाही. मिंटच्या मंडळींनाही ही भीती आहे, म्हणून तर त्यांनी उबुंटूला वगळून थेट डेबियनवर बेतलेली एलएमडीई ही आवृत्ती हाताशी ठेवली आहे. उबुंटूची सॉफ्टवेअर बसवण्याची स्नॅप पद्धत न पटल्याने २०२०पासून मिंटमध्ये ती मुळातच बंद असते, हाही त्याच सावधगिरीचा भाग आहे.

डेबियनवर पूर्वी एक आक्षेप असे आणि तो खराही होता. वायफाय चिपसाठी लागणारी बंदिस्त फर्मवेअर (चिप चालवणारे, मुक्तस्रोत नसलेले सॉफ्टवेअर) अधिकृत प्रतीत नसे, त्यामुळे इंटरनेट नाही म्हणून फर्मवेअर नाही आणि फर्मवेअर नाही म्हणून इंटरनेट नाही, अशा फेऱ्यात नवखा माणूस अडकत असे. मी स्वतः एकदा दोन दिवस मोबाइलला केबल जोडून काम भागवले आहे. जून २०२३मधील डेबियन १२पासून ही फर्मवेअर मूळ प्रतीतच मिळते आणि ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्येही ती सोय कायम आहे. प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण आणि त्यापुढे दोन वर्षे मर्यादित स्वरूपाचा आधार मिळतो.

न आवडणारी गोष्ट विचारलीत म्हणून सांगतो. स्थापना करताना डेबियन रूट या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड विचारते. बहुतेक जण तो मनोभावे भरतात आणि मग आपल्या नेहमीच्या खात्याला काहीही बसवण्याचा अधिकार का नाही, याचा शोध घेत बसतात. ती चौकट रिकामी सोडली, तर तो अधिकार आपल्याच खात्याला मिळतो. ही माहिती त्याच पडद्यावर लिहिलेली असते, पण घाईत ती कोण वाचतो?

आकडेमोड

मी एक वर्ष मिंट वापरून पुन्हा विंडोजकडे वळलेला लेखापाल आहे, तेव्हा दुसरी बाजूही मांडतो. प्रणालीविषयी माझी काहीही तक्रार नव्हती. परंतु टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनसाठी प्रत्येक संकेतस्थळाची मागणी निराळी असते. वर्षअखेरीस अशिलाला मुक्तस्रोताचे तत्त्व समजावत बसणे मला परवडले नाही. आपल्या कामात टॅलीची जागा श्रीलिपीची आहे. तिचे फॉन्ट युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या प्रमाण संकेतपद्धतीचे नसले, तरी फॉन्टची फाइल लिनक्सवर बसवल्यास जुना मजकूर वाचण्यापुरता बहुधा दिसतो, मात्र त्यात नव्याने टंकण्यासाठीचा कळफलक विंडोजवरच चालतो. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो, पण रफार आणि जोडाक्षरे पुन्हा डोळ्यांखालून घालावीच लागतात. ते काम आपल्याला काही मी शिकवायला नको.

म्हणून विंडोज पूर्ण पुसू नका. डिस्कचा एक लहान भाग तिच्यासाठी राखून ठेवा, तिला इंटरनेट देऊ नका आणि फक्त जुन्या फाइलींसाठी वापरा. तत्पूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-कळ कागदावर लिहून ठेवावी, आणि विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, अन्यथा यंत्र बंद केल्यावरही विंडोज अर्धवट झोपेतच राहते आणि लिनक्सला त्या भागात लिहिता येत नाही.

शिकाऊउमेदवार

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून माझी पसंती फेडोरा या लिनक्स प्रणालीला आहे, पण ती आपल्याला सुचवणार नाही. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, प्रत्येक आवृत्तीला सुमारे तेरा महिनेच आधार असतो, आणि पेटंटच्या कारणामुळे काही चित्रफितींसाठी लागणारे भाग आरपीएम फ्यूजन या वेगळ्या भांडारातून घ्यावे लागतात. नवे यंत्र आणि नव्याची हौस असेल त्यानेच त्या वाटेला जावे.

कोणीतरी सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेच्या ‘बॉस’ या भारतीय प्रणालीचे नाव घेईलच, म्हणून आधीच नोंदवतो की तीही डेबियनवरच बेतलेली आहे, त्यामुळे घरगुती वापरासाठी थेट डेबियन घेतल्यास आपले काही हुकत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मात्र लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत, ते अवश्य ऐकावेत. काहीही बसवण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून वायफाय, आवाज, कळफलक आणि विशेषतः प्रिंटर तपासून घ्यावा. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांचे काम एचपीलिप या संचाने भागते, परंतु काही जुन्या लेझर मॉडेलांना कंपनीचा आणखी एक बंदिस्त जोडभाग लागतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली आणि पेनड्राइव्हवरून मिंट व डेबियन दोन्ही चार-चार दिवस चालवून पाहिले. टंकलेखनात दोन्हींत मला तसूभरही फरक जाणवला नाही, आणि खरे सांगायचे तर तेच हवे होते. प्रिंटरसाठी एका बंदिस्त जोडभागाची गरज भासली. मिंटने प्रिंटर ओळखून तो जोडभाग स्वतःहून विचारला, डेबियनमध्ये मला शोधाशोध करावी लागली. तत्त्वाच्या दृष्टीने सह्याद्रीपलीकडे यांचे म्हणणे अधिक पटले, पण निवड मिंटची केली. त्यांनी राग मानू नये, पुढेमागे एलएमडीईचा विचार करीन. विंडोज ६० जीबीच्या भागात इंटरनेटविना ठेवली आहे आणि मुक्त हा फॉन्ट एका प्रकाशकाने मान्यही केला आहे.

एक विचित्र गोष्ट मात्र घडते. मिंटमध्ये काम करून विंडोज सुरू केली की तिथले घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे असते, त्यामुळे श्रीलिपीत दुरुस्त केलेल्या फाइलींवर चुकीची वेळ पडते. यंत्रातील बॅटरी संपली असावी काय?

जुनाखिळा

बॅटरी ठीक आहे, साडेपाच तास या आकड्यातच उत्तर आहे. लिनक्स यंत्राच्या आतील घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवते आणि पडद्यावर दाखवताना भारतासाठी साडेपाच तास मिळवते. विंडोज मात्र आतील वेळ हीच स्थानिक वेळ मानते. इंटरनेट असते, तर तिने ती कालांतराने दुरुस्त करून घेतली असती, पण आपण तिला इंटरनेट दिलेले नाही. मिंटच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, ‘टाइमडेटसीटीएल’ (timedatectl) या आज्ञेने आतील घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्यास सांगावे. असे करू नये, असा इशारा तिथे दिसेल. तो मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळे पुढेमागे करणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ असते, त्यामुळे खुशाल पुढे जावे. त्यानंतर विंडोजमधील वेळ एकदा हाताने बरोबर लावावी, आणि ज्या फाइलींवर चुकीची वेळ पडली आहे त्या पुन्हा जतन कराव्यात.