परभणी-नांदेडकडे एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंग दिवसा कुठे भरते?

मावसभाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आलाय. राहतो जिंतूर तालुक्यात. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, त्याबद्दल प्रश्न नाही. आता नियमित मीटिंग हवी आहे.

अडचण वेळेची. मीटिंगा बहुतेक संध्याकाळी असतात, दीड तास चालतात, आणि तोवर गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते. मुक्काम करायचा तर लॉज, अन् स्टँडजवळच्या लॉजखाली काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे रविवार सकाळ किंवा दुपारच हवी.

१४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन केला, केंद्रांचे पत्ते मिळाले, मीटिंगचे नाहीत. नेटवरच्या जुन्या यादीतल्या शाळेत गेलो तर खोलीला कुलूप, शिपायाला काही माहीत नाही. ऑनलाइन मीटिंग करून पाहिली. रेंज जाते, शिवाय दोन खोल्यांच्या घरात पोरांसमोर तो तोंड उघडत नाही.

फी नसते, नाव-गाव सांगायची सक्ती नसते, हे ठाऊक आहे. 'परत केंद्रात टाका' हा सल्ला कृपया नको, तो पीत नाहीये.

परभणी, नांदेड, सेलू किंवा जालन्यात दिवसा भरणारी, सध्या खरोखर चालू असलेली मीटिंग कोणाला माहीत आहे का? तिथली ओपन मीटिंग (जिथे घरच्यांनाही बसता येतं) कधी असते? पहिल्यांदा मला सोबत जायचंय, आणि क्लोज्डला, म्हणजे फक्त दारूचा त्रास असलेल्यांच्या मीटिंगला, मला बसता येणार नाही. वहिनीसाठी अल-अनॉन (घरच्यांसाठीचा गट) ही त्याच वेळी, त्याच जागी असतं का?