हाउजीची तिकिटं यंदा आपणच करूया (चवथीनंतरचा फोंड्याचा मेळावा)

सचिव (सध्या मुक्काम फोंडा):

नमस्कार मंडळी,

चवथीनंतरच्या (गणेश चतुर्थीनंतरच्या) रविवारी फोंड्यात मेळावा ठरलाय, हॉल मिळाला, जेवणाचं बोलून झालं (खतखतं असणारच, त्यामुळे ती चर्चा परत नको). राहिली ती हाउजी (म्हणजे तंबोला, पुकारलेले आकडे आपल्या तिकिटावर खोडायचा खेळ). गेल्या वर्षी कुठल्यातरी वेबसाईटवरून काढलेली ती कार्डं आठवतायत ना, आकडे कसेही विखुरलेले, एकेक आकडा शोधायला लोक नाकाला कागद लावून बसलेले आणि तोवर पुढचे दोन पुकारून झालेले. मुलांच्या चित्रांच्या कार्डांचं तर बोलायलाच नको, आठ-दहा पोरं एकदम ओरडत स्टेजवर आणि बक्षीस एकच. गोव्यातली माणसं आपण आणि आपल्याला हाउजी खेळवता येऊ नये म्हणजे कमाल झाली, इथे फेस्ताला (चर्चच्या सणाला) अख्खं गाव मैदानात खुर्च्या टाकून खेळतं, गाडीचं बक्षीस असलं तरी वाद होत नाही. तर यंदा तिकिटं आपणच करून छापून घेऊ. साधारण १२० माणसं आणि ४० मुलं धरा. सूचना शुक्रवारपर्यंत पाठवा, प्रेसवाला चवथ जवळ आली की हाताला लागत नाही.

---

अण्णा, मस्कत:

सचिवसाहेब, बरं झालं विषय काढलात. गेल्या वर्षीचं ते कार्ड मी जपून ठेवलंय, आज परत काढून बघितलं. त्याचा घोटाळा एका वाक्यात सांगता येतो, ज्याने केलं त्याने आपल्या हाउजीचे ९० आकडे घेतले आणि अमेरिकन बिंगोच्या ५ बाय ५ च्या चौकटीत कसेही ओतले. अमेरिकन कार्डात ७५ आकडे असतात आणि तिथेसुद्धा शिस्त असते, पहिल्या उभ्या रांगेत १ ते १५, दुसरीत १६ ते ३०, असं. मधलं घर फुकट. तिकडे १९३० च्या सुमारास एडविन लो नावाच्या खेळणीवाल्याने एका गणिताच्या प्राध्यापकाला गाठून ६००० वेगवेगळी कार्डं करून घेतली होती, कारण सारखीच कार्डं वाटली की एका वेळी चार-चार जण जिंकायला लागतात. म्हणजे आपलं दुखणं नवीन नाही.

आपलं नेहमीचं तिकीट आहे ना, ३ आडव्या ओळी, ९ उभ्या रांगा, ओळीत ५ आकडे आणि ४ घरं रिकामी, ते फार विचार करून केलेलं आहे हो. पहिल्या रांगेत १ ते ९, दुसरीत १० ते १९, असं करत शेवटच्या रांगेत ८० ते ९०. सत्तेचाळीस पुकारला की डोळा सरळ पाचव्या रांगेत जातो, तिथे फार तर तीन आकडे, आहे की नाही ते क्षणात कळतं. गेल्या वर्षी माणसाला दर आकड्याला पंचवीस घरं धुंडाळायला लागत होती, आणि नसलेला आकडा शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण 'नाही' ही खात्री सगळं बघितल्याशिवाय होत नाही.

तेव्हा माझं म्हणणं, चौकटीला हात लावू नका, सुधारणा तिच्या अंगावर करा. प्रत्येक रांगेच्या डोक्यावर बारीक टायपात १, १०, २० असं दशक छापायचं आणि एक सोडून एक रांग फिकट राखाडी करायची. बास.

दुसरं, तिकिटं सुटी सुटी बनवू नका, सहा-सहाची पट्टी करा. सहा तिकिटं गुणिले पंधरा म्हणजे ९०, आणि पट्टी नीट जमवली तर १ ते ९० मधला प्रत्येक आकडा त्या सहांत बरोब्बर एकदा येतो. एका टेबलाला एक पट्टी फाडून दिली की कुठलाही आकडा पुकारा, त्या टेबलावर कोणाचं तरी एक घर खोडलं जाणारच. टेबल झोपत नाही. १२० माणसं म्हणजे २० पट्ट्या, मी एक्सेलमध्ये जमवून देतो, सगळ्या वेगळ्या.

वेळेचंही सांगतो. १२० तिकिटं असली तर पहिलं फुल हाउज (तिकिटावरचे पंधराही आकडे खोडून होणं) साधारण ६५-६६ आकडे पुकारल्यावर लागतं. आकड्याला दहा सेकंद धरले तर अकरा मिनिटं, वीस लागले तर बावीस. गेल्या वर्षी जेवण का रखडलं ते यावरून कळावं.

---

मावशी, म्हापसा:

अण्णा तुमचं सगळं बरोबर पण तुम्ही चष्म्याचा विचार केलात का. ए-फोर कागदावर सहा तिकिटांची पट्टी बसवली की एकेक घर दीड सेंटिमीटर उंच, आमच्या वयाच्या बायकांना ते दिसायचं कसं, त्यातून हॉलमधल्या ट्यूबलाइटा निम्म्या गेलेल्या. अर्धी पट्टी करा, पानाला तीन तिकिटं, घर दुप्पट उंच होतं. कागद दुप्पट लागेल तर लागू दे.

आणि खरा घोळ ऐकण्यात आहे. आकडे मी पुकारते ना दरवर्षी, मला माहीत. मी 'एकोणसत्तर' म्हटलं की निम्मी लोकं सत्तरच्या रांगेत बघतात, आकडा बसलेला असतो साठच्या रांगेत. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी, सगळ्यांची तीच गत. तुमची तिकडे वाढलेली मुलं तर त्रेपन्न आणि त्रेसष्ट ऐकून एकमेकांची तोंडं बघतात, बिचारी गुगल करत बसतात. २०१९ ला महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात वीस-एक, वीस-दोन असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, मीही तेव्हा नाकं मुरडली होती, पण हाउजीच्या स्टेजवर उभं राहिलं की त्या पुस्तकवाल्यांचं म्हणणं पटायला लागतं हो. तर दोन गोष्टी करा. मी पुकारताना आधी सुटे आकडे म्हणेन, 'सहा नऊ, एकोणसत्तर'. आणि तिकिटावर मोठा इंग्रजी आकडा आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात मराठीत 'एकोणसत्तर' असं छापा. पोरांनी तीन राउंड खेळले की निम्मे आकडे पाठ होतील, शिकवायला बसावं लागत नाही.

खाली अक्षर असलं की आणखी एक फायदा, तिकीट उलटं धरलं तरी कळतं. उलटं धरलं की ६१ चा १९ होतो आणि ६८ चा ८९, हसू नका, गेल्या वर्षी एक काका उलटं तिकीट धरून लाईन मागायला आले होते आणि स्टेजवर वाद घालत होते. आकड्यांवर खूण करायला पेन ठेवा, चिंचोके नकोत. वर पंखा आणि बाजूला पोरं, चिंचोके जाग्यावर राहत नाहीत.

---

अबू धाबीहून (पोरांच्या वतीने):

सगळ्यांना सॉरी पण हे सगळं मोबाईलवर का नाही करत? तिकीट फोनवर येईल, नंबर आपोआप कट होईल, कागद झीरो, वाद झीरो. मी दोन दिवसांत बनवून देऊ शकतो, खरंच.

---

मावशी, म्हापसा:

बाळा, आपोआपच कट होणार असेल तर मग आम्ही तिथे बसून काय करायचं?

---

खजिनदार, दोहा:

मोबाईल नको. त्या हॉलमध्ये रेंज येत नाही, पाऊस असला तर लाईटही जाते. लॅमिनेशनही सुचवू नका कोणी, चमकतं आणि खर्च वाढतो. साधा पण जरा जाड कागद घ्या, पावसाळ्यात पातळ कागद सर्द होतो आणि पेन टेकलं की फाटतो. काळं-पांढरं छापा. राउंड तीन असतील तर तीन रंगांचे कागद घ्या म्हणजे पहिल्या राउंडचं तिकीट तिसऱ्याला कोणी पुढे करणार नाही, पण राउंडचा नंबरसुद्धा मोठा छापा, रंग सगळ्यांना सारखे दिसत नाहीत, आमच्याच घरी दोघांना लाल-हिरव्यात फरक कळत नाही. आणि प्रत्येक तिकिटाला सिरियल नंबर. फुल हाउज कोणी मागितलं की नंबर सांगायचा, आमच्याकडच्या यादीत बघायचं, निकाल. तिकिटाला पैसे नकोत, बक्षिसं वस्तूंचीच.

---

वहिनी, दुबई (माहेर फोंडा):

सगळं वाचलं, मोठ्यांचं ठरत आलं पण मुलांचं कोणी बोलतच नाहीये म्हणून लिहिते. मुलांना आकडे नकोत, चित्रंच हवीत, पण गेल्या वर्षीसारखी सफरचंद-बॉल-मांजर नकोत ती त्यांना शाळेत पण असतातच. माझ्या डोक्यात माटोळी आहे, गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात ती. चवथीला येतात, गणपतीच्या डोक्यावर एवढं बांधलेलं असतं, आणि विचारलं तर एकाला नाव सांगता येत नाही. ३ बाय ३ चं कार्ड, नऊ चित्रं, कांगलं, कवंडळ, तोरिंजन, आंबाडे, चिबूड, निरफणस, सुपारीचा घोस, घागऱ्या (रानातल्या सुक्या शेंगा), असं सगळं. आणि पुकारायचं नाहीच, टोपलीतून खरी वस्तू काढून वर धरायची. घागऱ्या हलवल्या की खुळखुळतात, त्या आवाजावरूनच ओळखा म्हणायचं. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत लोक कितीतरी प्रकारची फळं मांडतात, त्यातली थोडी तरी आपल्या पोरांना कळू देत.

फक्त दोन अडचणी आहेत. एक, काळ्या-पांढऱ्या फोटोत आंबाडा, लिंबू आणि पेरू तिन्ही सारखेच दिसतात, मी घरच्या प्रिंटरवर काढून बघितलं, तीन राखाडी गोळे. म्हणून फोटो नको, रेघांचं चित्र हवं, पानासकट, म्हणजे आंबाड्याला त्याची पानांची फांदी दिसली की झालं. चित्रं माझी नणंद काढते म्हणाली. दुसरी अडचण नावांची, आमच्या फोंड्यात एक म्हणतात, पेडण्याला दुसरं, सासष्टीत तिसरंच. चित्राखाली जागा रिकामी ठेवूया का, ज्याने त्याने आपल्या आजीला विचारून लिहावं?

---

अण्णा, मस्कत:

सूनबाई, झकास. रिकामी जागा तर नक्कीच ठेवा, नाहीतर नावावरून इथेच पन्नास मेल पडतील.

पण चित्रं किती घेणार ते आधी ठरवा, कारण गेल्या वर्षीची झुंबड तिथूनच आली होती. तेव्हा एकूण चित्रं १२ आणि कार्डावर ९. बारातून नऊ निवडायचे प्रकार फक्त २२० आहेत. ४० मुलं असली तर हिशोबाने दहाव्या चित्राला एक-दोघांचं फुल होतं, आणि कोणी थांबवलं नाही तर अकराव्याला आणखी आठेक जणांचं एकदम. स्टेजवर पहिले दोघं येईपर्यंत पुढचं चित्र दाखवून झालं होतं, मग जे व्हायचं ते झालं, बिनसलं कार्डात आणि बोलणी खाल्ली पोरांनी.

चित्रं ३० घ्या. तीसातून नऊ म्हणजे १ कोटी ४३ लाखांवर प्रकार, एकसारखी दोन कार्डं यायची भीती संपली. ४० मुलांत पहिलं फुल साधारण विसाव्या-एकविसाव्या चित्राला लागेल. म्हणजे पोरांना निदान वीस वस्तू हातात धरून बघायला मिळतात, आणि खेळ लांबतही नाही. तीसच्या वर जाऊ नका, ५० केलीत तर लहान मुलं कंटाळून पळतील.

तीस भरायला रानातलंच सगळं हवं असं नाही, दोडकं, भेंडी, काकडी, केळफूल, अननस हेही माटोळीला असतंच. मात्र प्रत्येक कार्डावर सोपी पाच आणि अवघड चार असं वाटून टाका, नाहीतर एखाद्या पोराच्या वाट्याला नऊच्या नऊ अनोळखी यायची आणि ते रडायचं. असं वाटलं की प्रकार थोडे कमी होतात, पण ४० कार्डांना उदंड.

---

मावशी, म्हापसा:

कवंडळ लालभडक दिसतं, ते खायचं नव्हे, लहान पोरांच्या हातात देऊ नका, टोपलीवाल्याने लांबूनच दाखवावं. बाकी वस्तू मी आणते, चवथीच्या आदल्या बाजारात म्हापशाला सगळं मिळतं, पण मेळाव्यापर्यंत टिकवायचं तर दोन-दोन घ्यावे लागतील. चिबूड मात्र रविवारी सकाळीच घेणार, पिकला की दोन दिवसांत फुटतो आणि वास घरभर.

---

सचिव:

मंडळी, देव बरें करूं. अण्णांची पहिली फाईल आली, मी दोन पानं काढून घरी आईला दिली. आकडे चष्म्याशिवाय वाचले, पण राखाडी रांगा जास्त गडद झाल्यात, निळ्या पेनाची फुली त्यावर दिसत नाही. अण्णा, फिकट करा, अगदी दिसेल न दिसेल इतपत. 'एकोणपन्नास' घरात मावत नाहीये, शेवटचं अक्षर रेघेवर चढतंय, टाईप थोडा लहान करावा लागेल.

आणखी एक, पत्र्यावर पाऊस सुरू झाला की माईकचंही काही ऐकू येत नाही त्या हॉलमध्ये. म्हणून स्टेजवर मोठा फळा ठेवतोय, १ ते ९०, तिकिटासारख्याच नऊ उभ्या रांगा. पुकारलेल्या आकड्यावर लाल टिकली. ज्याचं ऐकायचं चुकलं त्याने फळ्यावर तीच रांग बघायची.

बक्षिसं अशी, जलद पाच (पाच आकडे सगळ्यात आधी खोडणाऱ्याला), तीन लाईनी, चार कोपरे, फुल हाउज. मुलांच्या राउंडला पहिल्या तिघांना, आणि एका चित्राला दोघांचं लागलं तर दोघांनाही, बक्षिसाचे डबे जास्तीचे आणतोय. प्रेसला फाईल गुरुवारी जाईल. वहिनी, नणंदबाईंना सांगा चित्रं बुधवारपर्यंत हवीत, आतापर्यंत अकरा आलीत आणि त्यातला निरफणस मला तरी साध्या फणसासारखा दिसतोय.