पहिली धार काढली कशी असेल?

बांधावरचा: आमच्या गोठ्यातल्या एका म्हशीचं रेडकू नुकतंच दगावलं. तेव्हापासून ती पान्हा चोरते. पुढ्यात पेंड ठेवून, कास कोमट पाण्याने धुऊन आई पाठीवरून हात फिरवत राहते, तेव्हा कुठे थोडी धार निघते. पिढ्यान्‌पिढ्या दावणीला असलेल्या जनावराची ही तऱ्हा, तर रानातून नुकत्याच धरून आणलेल्या जनावराचं दूध माणसाने काढलं कसं? आणखी एक. वडिलांना पेलाभर दूध सोसत नाही, ताक मात्र तांब्याभर पचतं. याचा त्या जुन्या काळाशी काही संबंध असेल का?

सई_म: मला वाटतं, बाळंतीण दगावल्यावर तान्ह्या लेकरासाठी कुणीतरी शेळीच्या सडाला हात घातला असेल.

खापरवाली: सईताई, तसंही घडलं असेल, पण त्याची खूण जमिनीत उरत नाही. मी खापरांवर काम करते, तिथून काय दिसतं ते सांगते.

शेळ्या माणसाळल्या त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वी, इराणच्या झाग्रोस डोंगरांच्या पट्ट्यात. मातीच्या भांड्याला झिलई नसेल तर त्यात स्निग्धांश मुरतो आणि हजारो वर्षं टिकतो. स्टिअरिक आम्ल हा चरबीचा एक घटक; त्यातल्या जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण तपासलं की चरबी दुधाची की मांसाची हे कळतं. २००८ साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड एव्हरशेड आणि सहकाऱ्यांनी २,२००हून जास्त भांडी अशी तपासली. तुर्कस्तानात मार्मारा समुद्राच्या आसपासच्या इ.स.पू. सातव्या सहस्रकातल्या खापरांत दुधाच्या खुणा ठळक निघाल्या.

आता तुमच्या वडिलांकडे येते, कारण मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या हाडांतला डीएनए पाहिला, तर मोठेपणी दूध पचवणारा जनुकीय बदल त्यांच्यात आढळला नाही. म्हणजे वडिलांसारखंच त्यांनाही कच्चं दूध जड गेलं असणार, तरी ते जनावरं दुहत होते! पोलंडच्या कुयाविया भागात भोकं पाडलेली, सुमारे ७,००० वर्षांपूर्वीची भांडी मिळाली आणि त्यांतही दुधाची चरबी सापडली. दुधातली जी साखर अशांना पचत नाही ती लॅक्टोज; दूध फाडून गाळलं की ती बरीचशी निवळीबरोबर निघून जाते. विरजलं तर जिवाणू तिचा काही भाग खाऊन टाकतात. वडिलांना ताक सोसतं ते म्हणूनच. दूध पचवण्याची ताकद येण्याआधीच माणूस दूध आंबवून, फाडून खात असावा, असं मला वाटतं. ती ताकद फार पुढे, हजारो वर्षांनी पसरली.

पान्ह्याचं म्हणाल, तर इजिप्तमध्ये कावित नावाच्या राजस्त्रीच्या सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या दगडी शवपेटीवर धार काढतानाचं चित्र कोरलंय. वासरू गाईच्या पुढच्या पायाला बांधलंय आणि गाईच्या डोळ्यातून पाणी येतंय. वासरू जवळ असल्याशिवाय गाय पान्हवत नाही, हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

गणपतमामा: बांधावरच्या, रेडकाचं कातडं पेंढा भरून म्हशीपुढे ठेवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. कातडं नसेल तर रोज एकाच माणसाने, एकाच वेळेला धार काढायची. पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनाच्या वाटेला अजिबात जाऊ नकोस, जनावराचे हाल होतात.

बांधावरचा: बरं मामा, उद्यापासून आईच बसेल. खापरवाली ताई, आपल्याकडची जुनी खूण कुठली?

खापरवाली: कच्छमधलं कोटडा भडली, हडप्पा काळातलं गाव. तिथल्या सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या खापरांत दुधाची चरबी असल्याचं २०२० साली प्रसिद्ध झालं. मात्र चरबीवरून जनावर रवंथ करणारं होतं एवढंच कळतं. गाय की म्हैस, हे हाडांवरून ताडावं लागतं.