शब्दचर्चा : 'आउटलँडर'मधलं खिडकीखालचं 'भूत' मराठीत काय म्हणून लिहायचं?

स्पॉयलर आहेत, सातव्या सीझनच्या शेवटापर्यंतचे. बघायचं बाकी असेल त्यांनी इथूनच मागे फिरा.

आउटलँडर म्हणजे नर्स क्लेअर स्कॉटलंडमधल्या शिळांतून २०० वर्षं मागे, १७४३ त जाते आणि तिथल्या हायलँडर, म्हणजे डोंगराळ भागातल्या, जेमीशी लग्न करते ती सिरीज. तिच्या फॅन थिअऱ्या मी मराठीत लिहून काढतेय, आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणींना सिरीज आवडते पण इंग्रजीतल्या लांबलचक चर्चा वाचायचा कंटाळा येतो म्हणून, आणि पहिल्याच एपिसोडला अडकलेय. सीन आठवत असेलच. १९४५ साल, युद्ध नुकतंच संपलेलं, इन्व्हर्नेसमध्ये पाऊस, क्लेअर वरच्या खिडकीशी केस विंचरतेय आणि खाली अंधारात एक जण उभा, हायलँडरचा पोशाख, टक लावून तिच्याकडेच बघतोय. तिचा नवरा फ्रँक त्याला हटकतो तर तो वळून अगदी अंगाला घासेल इतक्या जवळून जातो, तरी फ्रँकला स्पर्श म्हणून जाणवत नाही, आणि मागे बघतो तर कोणीच नाही. मग हा वर येऊन तिला विचारतो की युद्धात नर्स होतीस तेव्हा तुझ्याकडे कुणी स्कॉटिश जखमी होता का.

तो जेमी होता हे मूळ कादंबऱ्यांच्या लेखिका डायना गॅबल्डन यांनीच सांगून टाकलंय, वय साधारण २५ हेही सांगितलंय, पण का आणि कसा आला ते शेवटच्या पुस्तकासाठी राखून ठेवलंय. आता हिशोब करा, जेमीचा जन्म १ मे १७२१, तो लढतो ती स्कॉटलंडमधली कलोडनची लढाई १६ एप्रिल १७४६, म्हणजे पंचविशीला दोनच आठवडे कमी. म्हणून बहुतेकांची लाडकी थिअरी अशी, की जेमी कलोडनच्या मैदानात मांडीला जखम होऊन प्रेतांच्या राशीत अर्धमेला पडलेला असताना तेवढ्या वेळात तो तिच्यापर्यंत जाऊन आला. तिसऱ्या सीझनच्या पहिल्या एपिसोडात त्याला पडल्यापडल्या क्लेअर चालत येताना दिसते ती याच थिअरीची दुसरी बाजू असं मलाही मनापासून वाटतं.

अडचण अशी की मराठीत भूत म्हटलं की माणूस आधी मेलेला पाहिजे. जेमी तर कलोडनमधून वाचतो, पुढे म्हातारा होईपर्यंत जगतो. मी 'भूत' लिहिलं तर ही थिअरी मीच पहिल्या ओळीत मोडीत काढली ना! 'भास' म्हणावं तर दिसला कुणाला, फ्रँकला, ज्याने जेमीला जन्मात पाहिलेलं नाही. 'आत्मा' लिहिलं की सिरियलमधला पांढरी साडी आणि धूर डोळ्यासमोर येतो. काय लिहू?

प्रतिसाद

'भूत' टाळाच असं मी म्हणेन पण कारण वेगळं आहे. आपल्याकडे नुसतं भूत नसतंच हो, भुताला जात, गाव, मरणाचं कारण सगळं असतं. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, तो पिंपळावर. बाळंतपणात गेली ती आळवंतीण, काही भागात तिलाच हडळ म्हणतात. मागे क्रिया करणारं कोणी नाही, जीव धनात गुंतलेला, तो समंध. म्हणजे नाव घेतलं की तो कसा गेला आणि त्याला काय हवंय दोन्ही कळतं. आणि तुमच्या सगळ्या थिअऱ्या नेमकं तेच शोधतायत की हा कसा आला आणि त्याला काय हवंय. तेव्हा नाव द्याल तर उत्तर दिल्यासारखंच होईल.

प्रतिसाद

आम्ही सिंधुदुर्गातले, त्यामुळे मला तो सीन बघताना पहिल्यांदा देवचारच आठवला. देवचार त्रास देत नाही, गावाची शीव राखतो, रात्रीचा फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नवीन वहाणा वाहतात, गोव्यातही आहे हे. जेमी तिथे तिला घाबरवायला उभा नाहीये, राखायला उभा आहे. आणि ती फुलांची थिअरी माहितीय का, क्लेअर त्या क्रेग ना डूनच्या शिळांपाशी दुसऱ्यांदा जाते ती तिथे पाहिलेल्या एका निळ्या रानफुलासाठी, आणि ते रोप तिथे लावणारा हाच, तिला १७४३ त यायची वाट दाखवायला. मला ही थिअरी सगळ्यात जास्त पटते. मग 'राखणदार' का नको?

प्रतिसाद (धागा काढणारी)

ताई, राखणदार वाचून अंगावर काटा आला, खरंच. पण देवचार जागेला बांधलेला असतो ना, गाव सोडत नाही, आणि हा बाईला बांधलेला आहे. तुमची थिअरी लिहिताना तो शब्द तुमच्या नावाने तिथे घालते, चालेल?

प्रतिसाद

मी भुताच्या बाजूने. 'भू' म्हणजे होणे, त्यावरून भूत म्हणजे झालेलं, होऊन गेलेलं. भूतकाळ, भूतपूर्व हे त्यातूनच, आणि पंचमहाभूतं, भूतदया यांत तर मेलेल्याचा संबंधच नाही. मरण हे वापरातून चिकटलं, शब्दात मुळात नाही. २०० वर्षांपूर्वीचा माणूस १९४५ त दिसला तर तो भूतकाळच समोर उभा राहिला की! उलट गंमत बघा, फ्रँकच्या दृष्टीने तो होऊन गेलेला, आणि क्लेअरच्या आयुष्यात तो अजून यायचाय. नवऱ्याचं भूत ते बायकोचं भविष्य. एवढं सगळं एका शब्दात मिळत असताना दुसरा शोधायचा कशाला?

प्रतिसाद (धागा काढणारी)

दादा, व्युत्पत्ती मान्य, आणि शेवटचं वाक्य मी घेणार म्हणजे घेणार. पण वाचणारी बाई धातू आठवून वाचत नाही, भूत वाचलं की तिच्या मनात तो मेलेलाच.

काल रात्रभर डोक्यात हेच होतं आणि मला वाटतं आपल्या रोजच्या बोलण्यातच उत्तर आहे. घरात कोणी शेवटच्या घटका मोजत असतं आणि प्राण जात नाही तेव्हा आपण काय म्हणतो, की कुणात तरी जीव अडकलाय. मग लांब असलेल्या मुलाला बोलावून घेतात, तो येऊन तोंडात पाणी घालतो. माणूस धड गेलेला नाही, धड इथे नाही, आणि जीव मात्र दुसरीकडेच घुटमळतोय. कलोडनची थिअरी म्हणजे शब्दशः हेच! जेमीचा जीव क्लेअरमध्ये अडकलेला होता आणि तो तिच्या खिडकीखाली येऊन घुटमळला. त्यासाठी त्याला मारायला लागत नाही की कुठला नवा शब्द घडवायला लागत नाही.

म्हणून मी ठरवलंय की शब्द कोणाच्या तोंडी आहे त्यावर चालायचं. फ्रँक बोलतो तिथे 'भूत', कारण त्याने तेच पाहिलंय, त्याच्यासाठी ते भूतच. थिअरी सांगताना 'जीव'. आणि मी स्वतः नुसतं वर्णन करते तिथे 'तो', बास.

प्रतिसाद

जीव घुटमळणं एकदम फिट. आता पुढचं सांगा, क्लेअरला अठराव्या शतकात भेटते ती गेलिस डंकन, तिला काय म्हणणार? एका ठिकाणी 'तोतया' वाचलं, मला खटकलं.

प्रतिसाद

खटकणारच. तोतया म्हणजे अमुक एक माणूस मीच असं सांगणारा. पानिपतात १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, पण पडले याची खात्री सगळ्यांना नव्हती, पार्वतीबाईंनी तर वैधव्य मानलंच नाही, आणि त्या फटीतून तोतया उभा राहिला, बंड झालं, १७७६ त त्याला मृत्युदंड झाला. म्हणजे आधी खरा भाऊ असावा लागतो, मग तोतया. गेलिस कुणाची जागा घेत नाही. १९६८ मधली गिलियन एडगर्स, नाव बदलून अठराव्या शतकात राहतेय इतकंच. आणि खरं सांगायचं तर पानिपतसारखी अवस्था कलोडननंतर जेमीचीच आहे, गेला का आहे कुणाला धड माहीत नाही, फक्त तो उलट करतो, जिवंत असून नसल्यासारखा राहतो. आधी गुहेत, लाल केस टोपीखाली झाकून, आणि नंतर एडिंबरात ए. माल्कम नावाने छापखाना काढून. याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, अज्ञातवास. पांडवांनी विराटाकडे केलं ते हेच, नाव बदललं, काम बदललं, माणूस तोच.

प्रतिसाद (धागा काढणारी)

अज्ञातवास घेतला. गेलिससाठी मात्र तो शब्द फार सोज्ज्वळ वाटतो, ती काही नाइलाजाने लपलेली नाही, स्वतःहून आलीय, हेतू ठेवून आलीय. तिच्या बाबतीतही तोंड बघून शब्द घालते. गावासाठी ती चेटकीण, आणि क्लेअरला कळतं त्या क्षणापासून 'तिकडची', म्हणजे आपल्या काळातली. गावाकडून मुंबईला आलेली माणसं एकमेकांना 'आपल्याकडची' म्हणतात तसं.

तो क्षण तर मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त चांगला उतरतो असं माझं ठाम मत आहे. पहिल्या सीझनचा अकरावा एपिसोड, चेटकिणींचा खटला, गेलिस कपडा फाडून दंड दाखवते, लोक ओरडतात की ही सैतानाची खूण, आणि क्लेअर बघते तर तो देवी टोचल्याचा वण! गोल, जरासा खोलगट, कडेने सुरकुतलेला. जेन्नरने ती लस काढली १७९६ त आणि खटला चाललाय त्याच्या ५० वर्षं आधी, म्हणजे तो वण त्या काळात कुणाच्या अंगावर असूच शकत नाही. आपल्या आई-आजीच्या दंडावर हाच वण आहे, त्यामुळे 'लसीकरणाचं चिन्ह' वगैरे मुळीच लिहू नये. लोक म्हणतात सैतानाची, आणि आपण म्हणतो देवीची.

प्रतिसाद

वा! यावरून आठवलं, अठराव्या शतकातल्या जॅक रँडलला तुम्ही फ्रँकचा 'डुप्लिकेट' लिहिलंय आधीच्या भागात, ते बदला. दोन्ही कामं टोबायस मेन्झिसचीच हे खरं, पण गोष्टीत तो पूर्वज आहे, आणि नंतर कळतं की सख्खा पूर्वजही नाही, खरा वंश त्याच्या भावाचा, अ‍ॅलेक्सचा. 'तोंडवळा तोच' म्हणा.

प्रतिसाद (धागा काढणारी)

तोंडवळा! बदलते आजच.

शेवटचा प्रश्न 'थिअरी' या शब्दाचाच. आतापर्यंत सगळीकडे थिअरीच लिहिलंय आणि ते कुणाला अडत नाही, पण सगळ्या थिअऱ्या एका तोलाच्या नसतात. फेथचंच घ्या. १७४४ त पॅरिसच्या इस्पितळात मृत जन्मलेली क्लेअरची मुलगी. क्लेअर तिला मांडीवर घेऊन समुद्रकिनाऱ्याचं एक गाणं म्हणते, आणि सातव्या सीझनच्या शेवटी १७७८ मध्ये फॅनी नावाची एक छोटी मुलगी तेच गाणं गुणगुणते, आईने शिकवलं म्हणते, लॉकेटवर आईचं नाव फेथ. ते गाणं लिहिलं गेलंय १९०७ मध्ये! त्याच एपिसोडात पॅरिसमधला औषधं विकणारा मास्टर रेमंड क्लेअरच्या स्वप्नात येऊन माफी मागून जातो. आता यावरून फेथ जगली होती असं म्हणणं आणि जेमीने फुलं लावली असं म्हणणं हे एकच कसं?

प्रतिसाद

एक नाहीच. हाताशी खुणा आहेत आणि त्या जोडून पुढचं सांगतोय तिथे 'कयास' किंवा 'तर्क'. खुणा कमी, मन जास्त, तिथे 'अटकळ'. नुसतंच कुणीतरी पिकवलेलं असेल तर 'कंडी'. आणि या सिरीजसाठी 'होरा' तर हवाच, मूळ ग्रीक, ज्योतिषातून आपल्याकडे आला, मुळात अर्थच वेळ, तास. माझा होरा असा की फेथ रेमंडनेच वाचवली.

प्रतिसाद (सिंधुदुर्गवाली)

म्हणजे माझी फुलांची थिअरी अटकळ. असू दे, मी अटकळीला चिकटून आहे.

प्रतिसाद (धागा काढणारी)

फेथला कयास, फुलांना अटकळ, खिडकीला जीव. तिन्ही भाग रविवारी टाकते. फक्त मास्टर रेमंड पॅरिसमध्ये झाडपाल्याची औषधं विकतो त्याला काय लिहू, केमिस्ट फारच आजचं वाटतं, वैदू म्हटलं की डोक्यावर गाठोडं घेतलेला माणूस दिसतो.

प्रतिसाद

काष्ठौषधीवाला. पुण्यात पेठांमध्ये अजून दुकानांवर 'काष्ठौषधी' पाटी असते, रेमंडच्या दुकानातल्यासारखं मगरीचं धूड तेवढं टांगलेलं नसतं.