कोळशाच्या ढिगाची धूळ वावरात येते, कापूस काळा पडतो. काय करावं?

पऱ्हाटीवाला (वणी तालुका)

राम राम मंडळी. माझं साडेतीन एकर वावर, पऱ्हाटी अन् तूर. दोन वर्षांआधी ईशान्येला कोळशाचा प्लॉट झाला, मधात फक्त पांदण. हायवा (मोठे टिप्पर) येऊन खाली होतात, लोडर दुसऱ्या गाड्या भरतो. ढीग आता धुऱ्यावरच्या कडुनिंबाच्या वर गेला आहे.

दिवाळीनंतर बोंडं फुटतात अन् वाराही तिकडूनच सुटतो. रात्री दहिवर पडतं, ओल्या कापसावर धूळ बसते. सकाळी बोंड हातात घेतलं की काळा ओघळ दिसतो; बोटानं पुसायला गेलं तर आणखी आत मुरतो. आईनं दुपारभर वेचला अन् ओटी सोडली, तर लुगड्यावर काळा पट्टा उमटलेला. व्यापाऱ्यानं मूठभर कापूस उन्हात धरून पाहिला अन् क्विंटलमागे ४०० रुपये कापले.

प्लॉटवाले म्हणतात, रोज सकाळी टँकरनं पाणी मारतो. मारतात, पण गेटापासून वजनकाट्यापर्यंतच. ढिगावर थेंब नाही.

एक गोष्ट समजत नाही. रविवारी लोडर बंद होता, वारा रोजच्यासारखाच होता, तरी धूळ आली नाही. असं काहून? अन् तक्रार करायची तर पुरावा काय द्यावा?

जुना फोरमन

भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या रविवारातच आहे. मी २२ वर्षं कोळसा हाताळणीत काढली.

वारा उचलतो ती ढिगाच्या वरच्या थरातली बारीक भुकटी. जोराचा वारा आला की ती थोड्या वेळात उडून जाते, मग वर जाड तुकडे उरतात अन् खालच्या भुकटीला त्यांचा आडोसा मिळतो. पाणी पडून वाळलं तर वर खपली धरते. असा ढीग कोणी हलवला नाही तर बऱ्यापैकी गप राहतो. लोडरनं बकेट घातलं की खपली फुटते, आतली ताजी भुकटी उघडी पडते अन् वाऱ्याला पुन्हा माल मिळतो. त्यात बकेट गाडीवर उंचावरून उलटं केलं की निम्मी धूळ तिथंच वर चढते.

म्हणून सकाळी रस्ता भिजवून वावर वाचत नाही. भराई चालू असते त्या तोंडावर पाणी पाहिजे, भराईच्या आधी अन् चालू असतानाही. माल टाकताना-भरताना उडणाऱ्या धुळीचं अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं एक सूत्र आहे. त्यात मालातला ओलावा दुप्पट केला तर धूळ ३८ टक्क्यांवर येते. वारा दुप्पट झाला तर ती जवळपास अडीच पट होते.

दुसरं, जाळी मागा. पक्की भिंत नको, तिच्या मागं वारा भोवरा घेतो. साधारण अर्धी भोकं असलेली जाळी बरी. ती ढिगाच्या ज्या बाजूनं वारा येतो तिकडं पाहिजे, अन् उंची ढिगाएवढी. ढीगच कमी उंच केला तर सगळ्यात बरं, वर वारा जास्त लागतो.

अन् प्लॉटवाल्यांना हेही सांगा की पडून असलेला कोळसा दाबून ठेवला तर त्यांचाच फायदा. सैल ढिगात हवा शिरते, आतून तापतो अन् धुपायला लागतो. मी असे ढीग रात्री उकरून विझवले आहेत, फार वाईट काम.

मारेगावची ताई

दादा, पंचनाम्याचा अर्ज आधी द्या, बाकी मागून. आमच्याकडे वेचणी उरकल्यावर अर्ज दिला. तलाठी अन् कृषी सहायक आले तेव्हा वावरात नुसत्या पळाट्या. काय लिहिणार ते? बोंडं झाडावर असतानाच बोलवा.

पुराव्यासाठी स्टीलची दोन ताटं घ्या. एक तुमच्या धुऱ्यावर, एक ढिगाच्या पलीकडे, दोन्ही कमरेएवढ्या उंचीवर. एकच ठेवलं तर ‘रस्त्याची धूळ आहे’ म्हणून मोकळे होतात. रोज ठरल्या वेळी फोटो काढा, लोडर चालू की बंद ते वहीत लिहा.

मग प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करा. १९८१ च्या हवा कायद्याखाली प्लॉटला दिलेल्या संमतीपत्राची प्रत माहिती अधिकारात मागा. पाणी, जाळी, झाडं यांच्या अटी त्यातच असतात. मोजणी भराई चालू असताना करा, हे अर्जात स्पष्ट लिहा. पीएम १० म्हणजे हवेत तरंगणारी बारीक धूळ; तिची २४ तासांची मर्यादा घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम आहे, पण लोडर बंद ठेवून मोजली तर आकडा चांगलाच येणार. भरपाईसाठी हरित लवादाच्या २०१० च्या कायद्यात ५ वर्षांची मुदत आहे, म्हणून व्यापाऱ्याच्या काटपट्ट्या फेकू नका.

पऱ्हाटीवाला

फोरमन काका, ताई, मनापासून आभार. काल सकाळी आठला ताटं ठेवली. पलीकडचं ताट गावातल्या एका भाच्याच्या वावरात आहे. दिवसभर लोडर चालू होता. संध्याकाळी पाचला पाहिलं तर पलीकडच्या ताटात तोंड दिसत होतं. माझ्या धुऱ्यावरच्या ताटात आईनं बोट फिरवलं तर रेघ उठली. दोन्हींचे फोटो काढले. साडेतीनपैकी दोन एकरांतली बोंडं अजून झाडावर आहेत, ती वेचायची थांबवली. सोमवारी सातबारा घेऊन तलाठ्याकडे जातो.