व्हिडिओवरचं शिक्षण वेळकाढू? साफ अमान्य!

विज्ञानाच्या बाई, सिडको
काल नाशिकच्या शिक्षकांच्या गटात एका ज्येष्ठ सरांची पोस्ट फिरली : 'व्हिडिओवर शिकवणं म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा. लॉकडाऊन संपलं, आता खडू-फळाच बरा.' खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

फळ्यावरचं भाषण कॅमेऱ्यापुढे करायचं, याला माझाही विरोधच आहे. पण डिसेंबरात आमच्या नववीने नागपूरच्या एका शाळेबरोबर काय केलं ते ऐका. दोन्हीकडे मैदानात मीटरभर काठी ओळंबा लावून उभी केली, व्हिडिओ कॉल चालू ठेवला. दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपायचं, आकडा एकाच शीटमध्ये भरायचा. नागपूरची सावली सव्वाबाराच्या सुमारास सगळ्यात आखूड झाली आणि वाढायला लागली. आमची अजून आखडतच होती. आमची पोरं ओरडली, 'तुमचं चुकलंय, परत मोजा!' तिकडच्यांनी मोबाईल जमिनीशी नेऊन टेप दाखवली. आमची माध्यान्ह वीसेक मिनिटांनी झाली. घड्याळ एकच, सूर्य मात्र नागपूरला आधी. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं आणि दोन शहरांत सव्वापाच अंशांच्या आसपास अंतर, हा हिशोब मुलांनीच मांडला. हे फळ्यावर कसं करणार, सर?

निवृत्त सर, गंगापूर रोड
बाई, पोस्ट माझीच. प्रयोग चांगला, पण तो वर्षातून एकदा. रोजच्या तासाचं काय? २०२० साली मी शिकवत होतो. पडद्यावर नुसते काळे चौकोन. 'समजलं का?' म्हटलं की चिडीचूप. ४० मिनिटं झाली की फुकटचं झूम बंद, मग नवी लिंक, पुन्हा हजेरी. वर्गात पोराच्या कपाळावरची आठी बघून कळतं की गणित परत सोडवायला हवं. आधी कॅमेरा सक्तीचा करा, मग बोलू.

एक आई, सातपूर
सक्ती म्हणे! सर, आमची एकच खोली. मिस्टर कंपनीत रात्रपाळी करून सकाळी झोपायचे, त्यांच्या पायाशी बसून मुलगी तासाला हजर राहायची. एकदा बाईंनी कॅमेरा लावायला लावला आणि सगळ्यांसमोर विचारलं, 'मागे कोण झोपलंय?' पोरं हसली. त्यानंतर तिने कॅमेरा तर सोडाच, शंका विचारणंही बंद केलं. हुशार मुलगी आहे हो माझी. तुमच्या आठीसाठी तिने घर का दाखवायचं?

द्राक्षवाला, दिंडोरी
ताई, वाईट वाटलं, पण आमचं उलटं झालं. पोराचा कॅमेरा कायम बंद. मी ऑक्टोबर छाटणीत बागेत, बायको मजुरांच्या मागे. हजेरी पूर्ण, आणि दहावीत गेला तेव्हा साधं समीकरण येईना. कॅमेरा चालू असता तर सरांनी पकडलं असतं.

एक आई, सातपूर
पकडायला तो चोर आहे का दादा? एक फोन करून विचारता आलं असतं शाळेला.

द्राक्षवाला, दिंडोरी
फोन मीच केला होता. उत्तर मिळालं, 'हजेरी आहे ना, मग काळजी नको.' चिडू नका, माझंही पोर आहे.

मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी
कॅमेऱ्यावरच काय अडलात? यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच जिल्ह्यात दूरशिक्षण देतंय. मी दुकान बंद करून रात्री व्याख्यानं ऐकतो. अडलं की मागे नेऊन परत ऐकतो. वर्गात सरांना चौथ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नसती.

निवृत्त सर, गंगापूर रोड
तुम्ही मोठे आहात, कशासाठी शिकताय ते तुम्हाला ठाऊक आहे. तेरा वर्षांच्या मुलाला मागे नेऊन परत ऐकायला कोण बसवणार?

गुरुजी, पेठ तालुका
कॅमेरा चालू की बंद यावर भांडताय, इकडे लाईट गेली की रेंजही जाते. घरात एकच मोबाईल, तो बापाबरोबर द्राक्षाच्या कामाला निफाडला. मी व्हिडिओ मेमरी कार्डात भरून पाड्यावर नेतो. पाच-सहा मुलं एका मोबाईलभोवती बसतात. मध्येच थांबवून विचारतो, 'आता पुढे काय होईल?' खरी चर्चा तेव्हा होते. शहरातल्या शाळांना यंत्रं मिळतात, आम्हाला वापराचे अहवाल भरायला मिळतात. याच्यावर कुणीच बोलत नाही.

विज्ञानाच्या बाई, सिडको
गुरुजी, अगदी खरं. आणि सर, सातपूरच्या ताईंचं वाचून तरी सक्तीचा हट्ट सोडा. चेहरा कशाला हवा? कॅमेरा कामावर धरा. मुलं चौघांच्या गटात, मोबाईल वहीवर रोखलेला, पेन्सिल कुठे थांबली ते मला दिसतं. मागची खोली दिसत नाही आणि दिंडोरीच्या दादांचं पोरही निसटत नाही.

निवृत्त सर, गंगापूर रोड
वहीवर कॅमेरा, एवढं पटलं. मुलीला जे विचारलं गेलं ते गैरच होतं, तेही मान्य. पण चौघांत लिहितो एकच, बाकीचे उतरवतात, हे मी आयुष्यभर पाहिलंय. 'वेळकाढू' हा शब्द मी मागे घेत नाही.

विज्ञानाच्या बाई, सिडको
नका घेऊ. पेन्सिल दर उदाहरणाला हात बदलते, ते येऊन बघा.

गुरुजी, पेठ तालुका
बाई, सावलीच्या प्रयोगात आम्हालाही घ्या. पण नाशिकशी जोडी नको, पेठ जरासंच पश्चिमेला, फरक मिनिटभराचा येईल, पोरांना दिसायचाही नाही. नागपूरशीच जोडून द्या. कॉल टिकणार नाही. दर पाच मिनिटांना काठीचा फोटो काढून ठेवू, वेळ फोटोवर असतेच. रेंज मिळाली की संध्याकाळी एकदम पाठवतो.