मदत हवी आहे: चार्ली बॉवर्ससारखे आणखी कोण?

मंडळी, मूकपटांतले विनोदवीर चॅप्लिन, कीटन, लॉइड पाहून झाले. परवा त्यांच्याच काळातल्या चार्ली बॉवर्सचा १९२६ चा ‘एग्ड ऑन’ पाहिला आणि वेडच लागलं. पठ्ठ्या न फुटणाऱ्या अंड्यांचं यंत्र काढतो. मग मोटारीच्या बॉनेटखाली ठेवलेल्या अंड्यांतून चक्क इवल्या इवल्या गाड्या बाहेर पडतात! वस्तू कणाकणाने सरकवत एकेक चौकट टिपलेली. सात वर्षांची भाची तेव्हापासून विचारतेय, ‘मामा, आपली गाडी अंडी कधी देणार?’ (फ्रान्समध्ये बॉवर्सला ‘ब्रिकोलो’ म्हणत.) त्याच्याच ‘नाऊ यू टेल वन’मधलं मांजरं उगवणारं झाडही बघून झालं.

आता पुढे काय? असे विसरलेले, धडपडीच्या विनोदाचे मूकपट सुचवा ना. भाचीला मधल्या इंग्रजी पाट्या मलाच वाचून दाखवाव्या लागतात, तेव्हा कमी पाट्यांचे आधी सांगा.